थेंबाला चुकवणारे कण

दिवाळीनंतर नाशिकमध्ये एखादी अवकाळी सर येऊन गेली की ‘चला, हवा धुऊन निघाली’ हे वाक्य दुसऱ्या दिवशी हमखास कानावर पडते. अशाच एका सरीनंतर मी सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून गेलो, तेव्हा आदल्या दिवशी मातकट दिसणारे आकाश खरोखरच निवळले होते आणि म्हसरूळजवळचा चामरलेणीचा डोंगर रेखीव दिसत होता. मात्र त्याच्या पायथ्याशी, शहराच्या छपरांवर, वरची कड सुरीने कापल्यासारखा एक निळसर पडदा अजूनही पसरलेला होता. खाली लावलेल्या दुचाकीच्या काळ्या सीटवर वाळलेल्या थेंबांचे डाग होते आणि प्रत्येक डागाभोवती बारीक चिखलाचे रिंगण उमटले होते. पावसाने धूळ नक्कीच खाली आणली होती. धुराचे काय झाले, हा प्रश्न उरला होता.

रस्त्यावरच्या आणि बांधकामाच्या धुळीचे कण काही मायक्रॉनपासून काही डझन मायक्रॉनपर्यंत असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो), तर चूल, डिझेल इंजिन किंवा पेटवलेला कचरा यांच्या धुराचे बहुतेक वस्तुमान एका मायक्रॉनहून लहान कणांत असते. बातम्यांतला ‘पीएम २.५’ हा आकडा अडीच मायक्रॉन व त्याहून लहान कणांचे एकत्रित वस्तुमान सांगतो. पाण्याइतकी घनता धरली, तर निश्चल हवेच्या खोलीत तीन मीटर उंचीवरून १० मायक्रॉनचा कण सुमारे १७ मिनिटांत खाली येतो, एका मायक्रॉनच्या कणाला जवळपास पूर्ण दिवस लागतो आणि ०.१ मायक्रॉनच्या कणाला सुमारे ४० दिवस. धूर आपण होऊन खाली बसेल, ही आशाच नको.

पावसाचा थेंब त्याला खाली आणतो का, हे समजून घ्यायला नाशिककरांना नदीपात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पुरेशी आहे. गोदावरीचे पाणी मारुतीच्या छातीला लागते, तेव्हा प्रवाह मूर्तीच्या अलीकडेच दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातो. पुरात वाहून आलेला ओंडका इतक्या पटकन वळू शकत नाही, म्हणून जडत्वाने सरळ येऊन आदळतो. झाडाचे पान पाण्याबरोबर वळते आणि मूर्तीला न शिवता पुढे जाते. एक मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे चार मीटर वेगाने पडत असतो आणि त्याच्याभोवती हवा अशीच दुभंगते. १० मायक्रॉनचा धूलिकण ओंडक्यासारखा वागतो, तर अर्ध्या मायक्रॉनचा धूम्रकण पानासारखा.

मग त्याहून लहान कण आणखीच सहज निसटत असतील, असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही, आणि या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. हवेचे रेणू कणावर चहूबाजूंनी सतत आदळत असतात. कण मोठा असेल तर हे धक्के एकमेकांना जवळपास निष्प्रभ करतात, पण तो फार लहान असेल तर क्षणोक्षणी कोणत्या तरी एका बाजूची सरशी होते आणि कण वेडावाकडा भरकटतो. ही ब्राउनियन गती, जिचे गणित आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडले. एका सेकंदात एक मायक्रॉनचा कण सुमारे ३५ मायक्रॉन खाली येतो आणि सरासरी ७ मायक्रॉन भरकटतो, ०.१ मायक्रॉनचा कण एक मायक्रॉनही खाली येत नाही, पण ३५ मायक्रॉनच्या आसपास भरकटतो, आणि ०.०१ मायक्रॉनचा कण ३०० मायक्रॉनहून अधिक. इतका भटका कण प्रवाहाची रेघ सोडून थेंबाला जाऊन चिकटू शकतो. मोठे कण जडत्वामुळे सापडतात, अतिसूक्ष्म कण भरकटण्यामुळे, ०.१ ते १ मायक्रॉनच्या दरम्यान दोन्ही यंत्रणा दुबळ्या पडतात आणि थेंबाच्या वाटेत आलेल्या हजार कणांपैकी जेमतेम एखादा पकडला जातो. अणुस्फोटाची किरणोत्सर्गी धूळ पावसाने कितपत धुऊन निघेल, याचा हिशेब ग्रीनफिल्ड या संशोधकाने १९५७ साली मांडला, म्हणून कणांच्या आकारांतल्या या फटीला त्यांचे नाव मिळाले. एन-९५ मास्कची चाचणी ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांवर घेतात, त्यामागेही हाच विचार आहे.

मग श्रावणात हवा इतकी स्वच्छ कशी? त्याचे श्रेय थेंब पडण्यापेक्षा थेंब तयार होण्याला अधिक आहे. कणरहित हवेत धुके बनत नाही, हे जॉन एटकेन यांनी १८८०च्या सुमारास दाखवले होते. ढगातला थेंब कोणत्या तरी कणाभोवतीच जमतो, आणि ढगात शिरलेला, पाणी धरून ठेवणारा धूम्रकण असा थेंबाचा गाभा होऊन पावसाबरोबर खाली येतो. शिवाय त्या दिवसांत अरबी समुद्रावरून सतत वारे येत असतात. थंडीतली सर तासाभरात थांबते आणि जमिनीलगतचा धूर ढगापर्यंत पोहोचतच नाही.

हवा शुद्ध व्हावी म्हणून होम करा, घरात कापूर जाळा, असे संदेश दर हिवाळ्यात फिरतात. कापराच्या ज्योतीवर क्षणभर स्टीलची वाटी धरली तर ती काळी होते, आणि ती काजळी याच चुकार आकाराच्या कणांची बनलेली असते. श्रद्धेने जे करायचे ते प्रत्येकाने करावे, परंतु त्याने हवा शुद्ध होते हे विधान चुकीचे आहे. पाण्याचे फवारे उडवणाऱ्या तोफा बांधकामाची धूळ बसवायला उपयोगी आहेत. धुराच्या बाबतीत त्यांच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

पांडवलेणीवरून दिसलेला पडदा निळसर होता, कारण प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान कण निळा प्रकाश अधिक विखुरतात आणि काळपट डोंगरापुढे विरळ धूर निळा भासतो. हवेच्या रेणूंमुळेही दूरचे डोंगर निळे दिसतात, पण त्या निळाईला वरची कड नसते. कड येते ती तापमानाच्या विपरीततेमुळे: रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड व जड होते, आणि धूर तिच्यातच अडकून राहतो. त्यातला काही धूर सरीतून वाचलेला होता, काही रात्रीत पेटलेल्या शेकोट्यांचा. साडेनऊच्या सुमारास ऊन तापले, तशी ती कड पुसट होत गेली आणि दहा वाजेपर्यंत डोंगर पायथ्यापर्यंत दिसू लागला. धूर नाहीसा झाला नव्हता. तो अधिक उंचीपर्यंतच्या हवेत मिसळून विरळ झाला होता.