चेहरा उन्हाने रापलाय की वांग आलाय?

"मॅडम, किती टॅन झालंय! आज डी-टॅन करूनच टाकू." पार्लरच्या खुर्चीत हे वाक्य ऐकलं नाही अशी चाळिशीतली बाई सापडणं कठीण. मग ब्लीच लागतं, वाफ दिली जाते, स्क्रबने गाल खसाखसा घासले जातात. चेहरा खरोखर उन्हाने रापलेला असेल तर यातून सहसा फार बिघडत नाही, पैसे तेवढे जातात. पण गालांवरचा तो काळपटपणा वांगाचा असेल, तर हेच सगळे प्रकार त्याला खतपाणी घालतात. दोन महिन्यांनी डाग आणखी गडद होतात, आणि बाईंना वाटतं की पुन्हा एकदा डी-टॅन करायला हवं.

दोन्हींच्या मुळाशी ऊनच असतं, म्हणून गफलत होते. चाळिशीनंतर तर अनेकींच्या चेहऱ्यावर दोन्ही एकदमच असतात. तरीही कुठलीही ट्यूब घेण्याआधी यातलं काय किती आहे हे कळायलाच हवं, कारण रापलेल्या त्वचेला मुख्यतः वेळ द्यावा लागतो आणि वांगाला वर्षानुवर्षांची निगा.

आधी रापण्याचं बघू. ऊन लागलं की त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींच्या डीएनएला इजा होते. त्याची खबर रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींना लागते, त्या मेलॅनिन तयार करून शेजारच्या पेशींना पुरवतात, आणि पुढच्या उन्हाला थोडा आडोसा मिळतो. नवं मेलॅनिन तयार व्हायला दोन-तीन दिवस जातात. रविवारी गडावर जाऊन आलेल्याचा चेहरा बुधवारी जास्त काळा दिसतो तो यामुळे. हा रंग वरच्या थरातच असतो. तो थर झडतो, खालून नवा येतो, रंगही त्याच्याबरोबर जातो. विशीत या फेऱ्याला साधारण महिना लागतो, पन्नाशीकडे जाताना तो लांबत जातो. कॉलेजात असताना अलिबागहून आल्यावर तीन-चार आठवड्यांत उतरणारा काळेपणा आता दोन-अडीच महिने रेंगाळतो. त्यात रोज दुपारी स्कूटरवरून जाणं-येणं असेल तर जुना उतरायच्या आत नवा चढतो. "माझं टॅन आता जातच नाही" या तक्रारीत बरेचदा एवढंच असतं.

वांगाची गोष्ट जास्त खोल आहे. इथे रंग बनवणाऱ्या पेशींची संख्या फारशी वाढलेली नसते, पण त्या आकाराने मोठ्या आणि कमालीच्या हळव्या झालेल्या असतात. जरा निमित्त मिळालं की रंग ओतायला लागतात. निमित्तं पुष्कळ: ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, पाळी जाण्याच्या सुमाराला घेतलेली हार्मोन्स. आईला किंवा मावशीला वांग असेल तर शक्यता आणखी वाढते. डागाखालची त्वचा तपासली तर तिथे रक्तवाहिन्या वाढलेल्या दिसतात, वर्षानुवर्षांच्या उन्हाने लवचीक तंतू खराब झालेले दिसतात, आणि वरच्या व खालच्या थरांमधला पातळ पडदा कमकुवत झालेला असतो. त्यामुळे काही रंग खालच्या थरात उतरतो. खालचा थर झडत नाही. तिथे गेलेला रंग महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि कितीही घासलं तरी तिथपर्यंत हात पोहोचत नाही.

ही त्वचेखालची मोडतोड लक्षात आल्यापासून बरेच त्वचारोगतज्ज्ञ वांगाकडे उन्हाने त्वचेला आलेल्या अकाली वार्धक्याचा एक प्रकार म्हणून पाहू लागले आहेत. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे वांग म्हटलं की पोट साफ नाही, अंगात उष्णता आहे, लिव्हर बिघडलंय असं सांगून काढे सुरू होतात आणि मूळ कारण, म्हणजे ऊन, तसंच राहतं. उन्हाने पन्नाशीत सुरकुत्याच येतात ही समजूत गोऱ्या कातडीच्या देशांतली. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत सुरकुत्यांच्या बऱ्याच आधी डाग आणि विटकेपणा दिसू लागतो.

आता ओळख. त्यासाठी आरशाबरोबर स्वतःचे हातपायही बघा. रापलेली त्वचा कपड्याची रेघ पाळते. ब्लाउजची बाही संपते तिथून खाली हात काळा, घड्याळाच्या पट्ट्याखाली उजळ, पावलांवर चपलेच्या पट्ट्यांचे फिकट ठसे. चेहरा रापला असेल तर तो सगळाच एकसारखा रापतो, नाकाचा शेंडा, कपाळ आणि गाल थोडे जास्त, आणि मानेचा उघडा भागही त्याच रंगात असतो. वांग कपडे बघत नाही, चेहऱ्याची ठेवण बघतो. दोन्ही गालांच्या उंचवट्यावर जवळपास सारखेच डाग, कडा नकाशातल्या किनाऱ्यासारख्या वेड्यावाकड्या पण ओळखू येतील अशा, वरच्या ओठावर मिशीसारखी सावली, कपाळाच्या मधोमध पट्टा, कधी जबड्याच्या कडेने. हात मात्र नेहमीच्याच रंगाचे. वांगाला खाज सुटत नाही, जळजळ होत नाही, साल निघत नाही.

तरी शंका राहिलीच तर दोन महिने चेहरा उन्हापासून नीट जपा आणि दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी फोटो काढा. टॅन या काळात स्पष्टपणे उतरतं. वांगाच्या बाबतीत वेगळंच घडतं: आजूबाजूची रापलेली त्वचा उजळते आणि डाग आधीपेक्षा जास्त उठून दिसतात. इथे पुष्कळजणी घाबरतात, सनस्क्रीननेच डाग वाढले असं म्हणून ते बंद करतात. डाग वाढलेले नसतात. त्यांच्यावरचं टॅनचं पांघरूण तेवढं निघालेलं असतं.

सनस्क्रीनचा विषय दोन्हींसाठी एकच असला तरी बारकावे वेगळे आहेत. ट्यूबवरचा एसपीएफचा आकडा मुख्यतः अतिनील किरणांच्या बी पट्ट्यापासून किती संरक्षण मिळतं ते सांगतो. ए पट्ट्यासाठी पीए लिहून पुढे अधिकची चिन्हं दिलेली असतात, जास्तीत जास्त चार. हे ए किरण खिडकीच्या साध्या काचेतून आरामात आत येतात. रोज खिडकीशेजारी बसून काम करणाऱ्या बाईला "मी तर उन्हात जातच नाही" म्हणून चालत नाही.

वांगाला याच्याही पुढची एक अडचण आहे. आपल्यासारख्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाश, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग, हाही रंग बनवणाऱ्या पेशींना चेतवतो. साधं, लावल्यावर न दिसणारं सनस्क्रीन हा प्रकाश अडवत नाही. तो अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं, आणि ते असतं टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेल्या सनस्क्रीनमध्ये. टॅनसाठी एसपीएफ 30 चं कुठलंही चांगलं सनस्क्रीन चालेल. वांग असेल तर टिंटेडच घ्या. या एका बदलासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी ते सार्थकी लागतात असं माझं स्पष्ट मत आहे.

लावायचं किती? तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची एकेक रेघ, एवढं चेहरा आणि मानेला. हे साधारण 1 ग्रॅम होतं. दिवसातून दोनदा लावलं तर 50 ग्रॅमची ट्यूब पंचवीस दिवसांत संपायला हवी. घरातली ट्यूब चार महिने पुरत असेल, तर तुम्ही सनस्क्रीन लावताय आणि ते काम करत नाहीये, दोन्ही खरं आहे.

पावसाळ्यात सूट घ्यायचीही आपली सवय. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवसाच्या बातम्या येतात. तोच सूर्य जुलैच्या शेवटी परत जाताना पुन्हा डोक्यावरून जातो, पण ढगांमुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही. ढग उष्णता अडवतात, अतिनील किरणांना पुरते अडवत नाहीत. स्कार्फ आणि सनकोटने मदत होतेच, फक्त कापड घट्ट विणीचं आणि गडद हवं. पातळ पांढऱ्या ओढणीच्या एका पदरातून बराच प्रकाश आत शिरतो.

टॅनच्या उपचाराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ऊन टाळा, सनस्क्रीन आणि साधं मॉइश्चरायझर लावा, वाट बघा. घाई असेल तर नायसिनमाइड किंवा व्हिटॅमिन सीचं सीरम थोडी मदत करतं. बेसन-दह्याने नुकसान नाही. लिंबू मात्र चेहऱ्याला लावू नका. त्याच्या रसातली काही द्रव्यं उन्हाशी मिळून त्वचा भाजतात, आणि भाजल्याचे काळे डाग टॅनपेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकतात.

वांगासाठी डॉक्टरांकडे जावं लागतं, आणि पाऊल पुढे टाकायचं ते हळूहळू. अझेलाइक अॅसिड हे तुलनेने सौम्य मलम बराच काळ वापरता येतं. हायड्रोक्विनोन जास्त जोरकस, पण ते ठरावीक महिन्यांसाठीच. 1975 मध्ये अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन (व्हिटॅमिन ए च्या गटातलं औषध) आणि एक स्टिरॉइड एकत्र करून वांगावरचं प्रसिद्ध मिश्रण मांडलं. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी, गोरेपणासाठी हायड्रोक्विनोनची क्रीम वर्षानुवर्षं फासणाऱ्या बायकांच्या गालांवर निळसर-काळे, जवळपास कायमचे डाग पडल्याचं लिहिलं. एकच औषध, एकाच वर्षात समोर आलेल्या त्याच्या दोन बाजू.

आपल्याकडे खरं नुकसान होतं ते या तिहेरी मिश्रणाच्या मलमांनी. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे वापरलं तर ते उपयोगाचं औषध आहे. पण शेजारणीने नाव सांगितलं, मेडिकलमधून ट्यूब आणली आणि गोरं करणारी क्रीम म्हणून रोज लावली, असंच जास्त होतं. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा इतका छान दिसतो की विश्वास बसतो. नंतर स्टिरॉइडमुळे त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, लव वाढते, उन्हात पाऊल टाकलं की आग होते. क्रीम थांबवली की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा तीच क्रीम. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवते आहे, आणि 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री रोखणारा नियमही केला. तरी ट्यूब मिळतातच. घरात अशी ट्यूब असेल आणि ती अनेक महिने लावली जात असेल, तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवून बंद करा.

मासिक पाळीत जास्त रक्तस्राव झाला की दिली जाणारी ट्रॅनेक्झामिक अॅसिडची गोळी वांगावरही चालते. जपानमध्ये 1979 साली एका रुग्णाचा वांग या औषधाने अनपेक्षितपणे फिका पडल्याचं आढळलं, तिथून हा वापर सुरू झाला. कमी मात्रेत, काही महिन्यांसाठी ती दिली जाते. पण ती रक्ताच्या गुठळ्या टिकवून धरते. पायाच्या शिरेत कधी गुठळी झाली असेल, स्ट्रोक येऊन गेला असेल किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, तर हे डॉक्टरांना न विचारताही सांगा. लेझरची घाई करू नका. आपल्या त्वचेत त्याच्या उष्णतेनेच वांग उसळून परत येऊ शकतो.

चाळिशीनंतर टॅन समजून घासल्या जाणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. मानेच्या मागे, काखेत, कधी कानशिलांवर आलेला जाडसर, मखमली काळेपणा हा मळ नसतो. तो बहुतेकदा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण असतो. तिथे काथ्याने घासण्याऐवजी रक्तातली साखर तपासून घ्या. दुसरं, केसांना काळा रंग लावणाऱ्यांच्या कपाळाच्या कडेला आणि कानांपुढे येणारी राखाडी-तपकिरी छटा. ती रंगातल्या रसायनाची अॅलर्जी असू शकते, आणि डाय सुरू असेपर्यंत कुठलंही मलम लागू पडत नाही.

डॉक्टरांकडे जाताना मेकअप न करता जा, आणि गेल्या वर्षभरात चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूब, संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. चालू असलेल्या गोळ्यांची नावं लिहून घ्या, त्यात गर्भनिरोधक आणि थायरॉइडच्या गोळ्याही आल्या. आणि एकाच बाजूला एकटाच डाग असेल, तो वाढत असेल, उंचवटा येऊन चकाकत असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा तिथली जखम महिनाभरात भरत नसेल, तर तो टॅनही नाही आणि वांगही नाही. दोन महिन्यांची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा.