शिकारीची गोळी: पसरणारी आणि आरपार जाणारी

मोठ्या जनावरावर झाडलेल्या गोळीने नेमके काय करावे, हा वाद आज शिसे विरुद्ध तांबे अशा रूपात चालू असला, तरी त्याचे मूळ 1886 मध्ये फ्रान्सने स्वीकारलेल्या धूरविरहित दारूच्या लष्करी रायफलीत आहे. तोवर काळ्या दारूच्या रायफलींतून सुटणारी जाड, मऊ शिशाची गोळी सेकंदाला सुमारे 400 मीटर वेगाने जाई आणि हाडामांसात शिरल्यावर आपसूकच चपटी होई. नव्या दारूच्या वेगात उघडे शिसे नळीतील पेचदार खाचांत अडकून राहू लागले, म्हणून त्यावर कठीण धातूचे कवच चढवण्यात आले. मात्र पूर्ण कवचाची ही बारीक गोळी हरणाच्या बरगड्यांतून इतकी सरळ पार जाई, की जखमी जनावर दूरवर पळून झाडोऱ्यात मरे. शिकाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा साधा होता: कवच टोकापाशी उघडे ठेवायचे, म्हणजे आघाताबरोबर शिसे अळंबीसारखे पसरते.

हीच क्लृप्ती ब्रिटिश सैन्याने उचलली आणि खरा घोळ तिथून सुरू झाला. 1895 च्या, हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील चित्रळ मोहिमेत .303 (इंचातील व्यास) ची पूर्ण कवचाची गोळी लागूनही शत्रू थांबत नाही, अशी तक्रार आल्यावर कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात टोक उघडे असलेल्या गोळ्यांची काडतुसे बनवण्यात आली. त्याच सुमारास ट्युबिंगन येथील एका जर्मन शल्यचिकित्सकाने भयंकर जखमा दाखवणाऱ्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्या गाजल्या, पण त्यांत वापरलेली गोळी डमडमची नव्हती. ती बरेच शिसे बाहेर ठेवलेली शिकारीच्या धाटणीची गोळी होती, तर डमडमच्या गोळीचे उघडे टोक त्या मानाने अगदीच थोडे होते. ब्रिटिश प्रतिनिधीने 1899 च्या हेग परिषदेत फरकाचा हा मुद्दा मांडला, तरी तो कोणी फारसा मनावर घेतला नाही. युद्धात मानवी शरीरात सहज पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालणारे घोषणापत्र ब्रिटन आणि अमेरिकेच्या विरोधाला न जुमानता संमत झाले, आणि ब्रिटनने ते 1907 मध्ये मान्य केले. वसाहतीतल्या माणसांवर अशा गोळ्या झाडण्याचे समर्थन करणे अवघडच आहे. पण निर्णयाला हातभार लावणारा पुरावा दुसऱ्याच गोळीचा होता, हेही नाकारता येत नाही.

शिकारीला ती बंदी लागू नव्हती. उलट इंग्लंड व वेल्सच्या 1991 च्या हरीणविषयक कायद्यानुसार रायफलीने हरीण मारताना मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी वापरावी लागते. युद्धात जी गोळी क्रूर ठरली, तीच हरणाच्या बाबतीत दयेची मानली गेली. हत्तीसाठी आणि गव्यासाठी मात्र पूर्ण कवचाची ‘सॉलिड’ गोळीच टिकून राहिली, कारण तिथे आधी कवटी किंवा जाड हाड भेदावे लागते.

पुढचा पेच वेगाचा होता. जोरदार काडतुसांतून सुटलेली मऊ टोकाची गोळी जवळच्या अंतरावर खांद्याच्या हाडावरच फुटून जाई. एका अमेरिकी शिकाऱ्याला 1946 मध्ये कॅनडात मूस या अवाढव्य हरणाच्या बाबतीत हा अनुभव आला आणि त्यातून कवचाच्या आतच आडवी धातूची भिंत असलेली गोळी जन्माला आली: पुढचे शिसे पसरते, भिंतीमागचे जागच्या जागी राहून खोल शिरते. जनावरातून काढलेली अशी गोळी पाहिली, तर पुढे फाटलेल्या पाकळ्या आणि मागे जवळजवळ अखंड नळकांडे दिसते.

1980 च्या दशकाच्या अखेरीस निव्वळ तांब्याची, पोकळ टोकाची गोळी आली. तिचे तुकडे फारसे उडत नाहीत, त्यामुळे शिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या आतड्यांतून कॉन्डॉर गिधाडांच्या पोटात शिसे जाण्याचा प्रश्न उभा राहिल्यावर ती पुढे सरसावली. कॅलिफोर्नियाने 2013 च्या कायद्याने शिकारीतील शिशाच्या गोळ्या बंद करण्याचे ठरवले आणि ते 1 जुलै 2019 पासून पूर्णपणे अमलात आले. डेन्मार्कने एप्रिल 2024 पासून रायफलीच्या शिशावर बंदी घातली. जुन्या शिकाऱ्यांचा आक्षेप असा, की तांबे कठीण असल्याने उघडायला जास्त वेग लागतो आणि लांबच्या नेमात तो उरत नाही. तांब्याच्या गोळ्या बनवणारे आता कमी वेगातही उघडणारी टोके तयार करत आहेत.