टीबीचा जंतू सोनोग्राफीत दिसत नाही, मग दिसतं काय?

अंडकोशाच्या सुजेबाबत 'सोनोग्राफीत टीबी निघाला,' असं सर्रास बोललं जातं. पण टीबीचा जंतू सोनोग्राफीत दिसूच शकत नाही. अंडकोशासाठी १० मेगाहर्ट्झचा प्रोब (अंगावर टेकवून ध्वनिलहरी सोडणारं उपकरण) वापरला, तर शरीरात त्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ०.१५ मिलिमीटर भरते. जंतूची लांबी जेमतेम ०.००२ ते ०.००४ मिलिमीटर. एवढा बारीक जीव त्या लहरीच्या तावडीत सापडणार कसा?

सापडते ती त्याने केलेली नासधूस, आणि ती ओळखण्यातच खरं कसब आहे.

फुप्फुसातून रक्तावाटे किंवा मूत्रपिंडाकडून प्रोस्टेटमार्गे येणारा हा जंतू पुरुषाच्या जननमार्गात बहुतेकदा अधिवृषणात ठाण मांडतो. वृषणाच्या मागे वेटोळी घालून बसलेली नळी, ते अधिवृषण. त्यातही बरेचदा तिचं खालचं टोक आधी धरतं.

ध्वनी परततो तो दोन वेगळ्या ऊतींच्या सीमेवरून. त्यांची घनता आणि त्यांतला ध्वनीचा वेग जितका वेगळा, तितका प्रतिध्वनी जोरकस. साध्या जिवाणूंच्या संसर्गात अधिवृषण सहसा सरसकट सुजतं, म्हणून पडद्यावर बऱ्यापैकी एकसारखं दिसतं. टीबीत मात्र मेलेल्या पेशींचा लगदा, दाहाच्या गाठी, तंतुमय वण आणि कधी कॅल्शियमचे खडे, सगळं शेजारीशेजारी! लगदा काळपट, खडा पांढराशुभ्र आणि त्यामागे काळी सावली. ठिगळं जोडल्यासारखं चित्र. रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लर लावला की आणखी एक खूण मिळते. साध्या संसर्गात रक्तप्रवाह सगळीकडे वाढलेला असतो. टीबीत तो बहुधा कडेकडेने, तुटक, कारण मधल्या लगद्यात रक्तवाहिन्याच उरलेल्या नसतात.

तरी हा पुरावा नव्हे, सबळ संशय. अधिवृषण ठीक असून गाठ वृषणातच असेल, तर आधी कर्करोगाचा विचार करावा लागतो. पक्कं निदान होतं ते लघवीत किंवा सुईने काढलेल्या नमुन्यात जंतू अथवा त्याचा डीएनए सापडल्यावर.

या दुखण्याला 'गुप्तरोग' ठरवून हमखास इलाजाच्या जाहिराती करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यांच्या पुड्या खाण्यात महिने जातात आणि तोवर वणाने शुक्रवाहिनी बुजू शकते. सहसा सहा महिन्यांच्या औषधांनी जंतू मरतो, बुजलेली वाट मात्र औषधांनी उघडत नाही.

आणखी एक फसगत. साध्या संसर्गासाठी दिलेल्या लिव्होफ्लॉक्सॅसिनसारख्या अँटिबायोटिकने टीबीही काही काळ दबतो. त्यामुळे सूज ओसरून पुन्हा आली, तर डॉक्टरांना आधीच्या गोळ्यांची नावं सांगावीत आणि टीबीची तपासणी करायची का, हे स्पष्ट विचारावं.