शहरी ब्लूज

अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय शेतमजुरांचे ब्लूज गाणे शहरांत आले आणि तिथे वाद्यमेळासह, पुढे विजेच्या वाद्यांवर रुजले. त्या रूपाला शहरी ब्लूज म्हणतात. काही अभ्यासक ही संज्ञा सॅक्सोफोन-ट्रंपेटच्या साथीतल्या टी-बोन वॉकर आणि बी. बी. किंग या गिटारवादक गायकांच्या घोटीव शैलीपुरतीच राखून ठेवतात आणि शिकागोचे खडबडीत ब्लूज वेगळे काढतात. मात्र दोन्हींचे मूळ एकाच स्थलांतरात आहे.

खेड्यातला ब्लूज-गायक बहुधा एकटाच असे. सोबतीला गिटार, आणि ठेका त्याच्या मर्जीचा. मनात येईल तिथे तो थांबे, ओळ लांबवी. चौघे एकत्र वाजवू लागले की ही मोकळीक परवडत नाही. त्यामुळे शहरात बारा ‘बारां’चे, म्हणजे बारा समान मापांचे, आवर्तन पक्के झाले : प्रत्येक बारात चार मात्रा; षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभे तीन स्वरमेळ; पहिली ओळ दोनदा गायची, तिसरीने तिला उत्तर द्यायचे. गंधार आणि निषाद किंचित उतरलेले, शुद्ध आणि कोमल यांच्या मधे कुठेतरी. पियानोच्या पट्ट्यांत ती जागा सापडत नाही. गळा आणि गिटारची तार ती बरोबर शोधतात. लेरॉय कार (पियानो) आणि स्क्रॅपर ब्लॅकवेल (गिटार) यांच्या 1928 च्या ध्वनिमुद्रणांत हा शहरी संयम स्पष्ट ऐकू येतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांतल्या कामासाठी मिसिसिपीतून इलिनॉय सेंट्रल रेल्वेने माणसे शिकागोला लोटली. मडी वॉटर्स हा मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा गायक 1943 मध्ये त्यांच्यातच आला. दारूच्या गुत्त्यांतल्या गोंगाटात साध्या गिटारचा आवाज पोचेना, म्हणून त्याने विजेची गिटार घेतली. गरजेपोटी आलेला ॲम्प्लिफायर मग स्वतःच वाद्य झाला : सूर फाटू लागला, लांबू लागला, आणि तारेवर काचेची वा धातूची नळी घसरवून काढलेली मींड जास्तच आर्त झाली. 1948 च्या त्याच्या गाजलेल्या तबकडीत साथीला फक्त एक बास आहे. संपूर्ण मेळ तबकडीवर यायला आणखी काही काळ गेला. ती काढणारी कंपनी 1950 मध्ये चेस रेकॉर्ड्स झाली. तिचे मालक लेनर्ड आणि फिल चेस हे पोलंडहून आलेले ज्यू बंधू होते.

याहून मोठा चमत्कार मडीच्याच मंडळातल्या लिटल वॉल्टरचा. माउथ ऑर्गन म्हणजे खिशातले स्वस्त वाद्य. त्याने ते मायक्रोफोनसकट ओंजळीत धरले आणि त्यातून सॅक्सोफोनसारखा भरदार, कर्कश स्वर काढला. 1952 मधील त्याचे ‘ज्यूक’ हे शब्दांविना वाजवलेले गीत अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत अव्वल ठरले. त्याच मंडळात ओटिस स्पॅन पियानोवर होता. गीतकार आणि बासवादक विली डिक्सनने मडी आणि शिकागोतलाच दुसरा गायक हाउलिन वुल्फ या दोघांनाही गाणी पुरवली.

पुढे रॉक अँड रोलमुळे कृष्णवर्णीय तरुण श्रोता या संगीतापासून दुरावला, पण इंग्लंडमधल्या पोरांनी ते उचलले. त्यांच्यातल्या रोलिंग स्टोन्स या बँडचे नाव मडीच्याच एका गाण्यावरून आले. चेससाठी गिटार वाजवलेला बडी गाय 2011 मध्ये मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओतील ब्लूज महोत्सवात वाजवून गेला.