जिप्सी नाही, रोमा: एका ‘ड’चा ‘र’ कसा झाला

हल्ली बाईकवर लडाखला निघालेल्या कोणाचाही फोटो बघा, खाली ‘जिप्सी लाईफ’ असतंच आणि मला दर वेळी ते खटकतं, कारण हे मूळ भारतातून युरोपात गेलेल्या एका खऱ्याखुऱ्या समाजाला चुकून पडलेलं नाव आहे. पंधराव्या शतकात हे लोक पश्चिम युरोपात पोचले तेव्हा तिथल्यांना वाटलं की हे इजिप्तहून आलेत, त्यातूनच जिप्सी आलं. ते स्वतःला रोम म्हणतात, अनेकवचन रोमा. त्यांच्या रोमानी भाषेत रोम म्हणजे पुरुष किंवा नवरा आणि रोमनी म्हणजे बायको. रोम शहराशी, रोमानियाशी काही संबंध नाही आणि ‘रामाचे ते रोमा’ हे तर निव्वळ थाप आहे, कृपया फॉरवर्ड करू नका.

मग हा शब्द आला कुठून? आपल्याकडून! जुना शब्द ‘डोंब’, जो आपल्या डोंबारी या नावातही आहे. ड म्हणताना जीभ मागे वळून टाळूला लागते, तीच नुसती झटका देऊन सुटली की हिंदीतल्या ‘बड़ा’सारखा आवाज येतो आणि तिथून र एक पाऊल. म्हणून युरोपात रोम, आर्मेनियात लोम, आणि सीरिया-पॅलेस्टाईनमध्ये मात्र ड टिकला, तिथे अजून डोम.

एकाच शब्दावर विश्वास ठेवू नका, बरोबर आहे, पण बदल सगळीकडे एकाच शिस्तीत झालेत. गळ्यावर बोट ठेवून आधी ख म्हणा मग घ, घ ला कंप जाणवेल. रोमानीत शब्दाच्या सुरुवातीचा हा कंप गेला, श्वास राहिला, म्हणून घरचं खेर, भ्राताचं फ्राल, आणि संस्कृत घर्म म्हणजे उष्णता, त्याचा मराठीत घाम झाला तर रोमानीत खाम, म्हणजे चक्क सूर्य! योहान र्‍युडिगर या जर्मन भाषा-अभ्यासकाने 1782 मध्येच भाषा तपासून रोमांचं मूळ भारतात असल्याचं मांडलं होतं, डीएनएचा पुरावा फार नंतर आला.

वाटेत काय काय उचललं तेही भाषेत दिसतं. नशिबाला फारसी बख्त, घोड्याला आर्मेनियन ग्रास्त, रस्त्याला ग्रीक द्रोम. आकडे तर ऐकाच: येख, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव, आणि सातपासून एकदम ग्रीक एफ्ता, ओख्तो, एन्या, मग परत आपलं देश म्हणजे दहा. म्हणजे ग्रीक बोलणाऱ्यांमध्ये हे लोक चांगलेच रमले असणार, येता-जाता कोणी आकडे उचलत नाही.

1971 मध्ये लंडनजवळच्या पहिल्या जागतिक रोमा परिषदेत त्यांच्या प्रतिनिधींनी रोमा हेच नाव धरलं. जिप्सीसाठीचा जर्मन शब्द ‘त्सिगॉयनर’ तर अनेकांना ऐकवतही नाही, नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत त्याच शब्दाचं पहिलं अक्षर Z त्यांच्या हातावर नंबराआधी गोंदलं जायचं. ब्रिटनमध्ये मात्र काही कुटुंबं स्वतःला अभिमानाने जिप्सी म्हणवतात, तिथल्या कायद्यातही तो शब्द आहे, तर त्यांच्याबद्दल लिहिताना तोच वापरावा. बाकी सगळीकडे रोमा.