टक्क्यांची ती लांब ओळ म्हणजे व्हायरस नव्हे

मराठी पत्त्याची लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली, की बरेचदा टक्के-चिन्हं, रोमन अक्षरं आणि आकड्यांची लांबच लांब ओळ उमटते. आमच्या वर्ध्याकडच्या गावांत कितीतरी वर्षं एकच सांगणं चालू आहे: अशी लिंक म्हणजे व्हायरस, उघडू नका. कापसाच्या भावाची, पीकविम्याची कामाची पानं या भीतीपायी न वाचताच पुसली जातात, याचं फार वाईट वाटतं.

ती ओळ म्हणजे तोच मराठी पत्ता. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं संगणकात साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं आणि प्रत्येक बाइट टक्क्यासह ३ खुणांत लिहितात. 'वर्धा' म्हणजे व, र, हलन्त, ध, काना अशी ५ चिन्हं. झाल्या ४५ खुणा! पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचं 'अनकोट' फंक्शन त्यांचं पुन्हा 'वर्धा' करून देतं. लिंक खरी की खोटी, हे डोमेन, म्हणजे लिंकमधलं संकेतस्थळाचं नाव, पाहून ठरवा.

शिकणाऱ्या पोरांनो, उलटं, म्हणजे मराठीचं टक्क्यांत रूपांतर करताना 'कोट' फंक्शन अख्ख्या पत्त्याला लावू नका. एचटीटीपीएसपुढचा कोलनही बदलतो आणि लिंक खरोखरच मोडते. डोमेननंतरचा मार्ग तेवढा द्या. मराठी डोमेनसाठी प्युनीकोड ही वेगळी पद्धत आहे.