रिकाम्या चॅनेलवर तीन व्होल्ट कुठून आले?

प्रयोगशाळेच्या संगणकात नवं डेटा अॅक्विझिशन कार्ड बसवलं, सॉफ्टवेअर उघडलं, तर ज्या चॅनेलला तारच जोडलेली नाही तिथे ३.१ व्होल्ट! यावर दोन मतं हमखास पडतात. कार्ड बिघडलंय, किंवा आकडे हलताहेत म्हणजे कार्ड उत्तम चालतंय. दोन्ही चूक.

सेन्सरकडून आलेल्या व्होल्टेजचा आकडा करणं हे या कार्डाचं काम. १२ बिटचं कार्ड −१० ते +१० व्होल्टचा पल्ला ४०९६ पायऱ्यांत विभागतं. एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. चॅनेल सोळा असले तरी मोजणारा कन्व्हर्टर बहुतेक कार्डांत एकच असतो. मल्टिप्लेक्सर नावाचा स्विच त्याला एकेक चॅनेल आळीपाळीने जोडतो आणि मोजून होईपर्यंत ते व्होल्टेज एका चिमुकल्या कपॅसिटरवर, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागावर, धरून ठेवतात. खरी गोम इथे आहे. एकच पोहरा घेऊन सोळा विहिरींचं पाणी तपासायला निघालात आणि मधली एखादी विहीर कोरडी निघाली, तर पोहऱ्यात आधीच्या विहिरीचं उरलेलं पाणीच दिसणार. रिकाम्या चॅनेलवरचे ३.१ व्होल्ट हे बहुधा शेजारच्या चॅनेलचे असतात.

तार जोडली म्हणजे सुटलो, असंही नाही. कपॅसिटरवरचा जुना भार सेन्सरच्या रोधातूनच बदलावा लागतो. रोध १०० किलोओम आणि केबलसकट धारिता (भार साठवण्याची क्षमता) १०० पिकोफॅरॅड धरली, तर गुणाकार येतो १० मायक्रोसेकंद. दर १० मायक्रोसेकंदांत जुना फरक ३७ टक्क्यांवर येतो. अर्ध्या पायरीइतकी अचूकता हवी तर असे नऊ टप्पे, म्हणजे ९० मायक्रोसेकंद लागतात. १६ चॅनेल, प्रत्येकी सेकंदाला १००० नोंदी असं लावलंत तर एका चॅनेलच्या वाट्याला येतात जेमतेम ६२.५ मायक्रोसेकंद. आधीच्या चॅनेलवर ५ व्होल्ट असतील तर सुमारे १० मिलिव्होल्टची, म्हणजे दोन पायऱ्यांची चूक उरते, आणि ती पडद्यावर अगदी खरी वाटते. नोंदींचा वेग कमी करा, किंवा मध्ये ऑप-अॅम्पचा बफर टाका, म्हणजे सेन्सरकडून जवळजवळ प्रवाह न घेता तेच व्होल्टेज पुढे देणारं सर्किट. वापरात नसलेले चॅनेल ग्राउंडला, म्हणजे कार्डाच्या शून्य व्होल्टच्या टोकाला, जोडून टाका. कोळंबीच्या तळ्यातल्या पाण्याचा पीएच मोजायचा असेल तर बफरला पर्यायच नाही. काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध शेकडो मेगाओमपर्यंत जातो.

उघडी तार अँटेनासारखी घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही पकडते. पडक्या वाड्यात मीटर हलला म्हणून भूत दाखवणाऱ्या व्हिडिओंनी आधी त्या मीटरची टोकं एकमेकांना जोडून दाखवावीत.

बसवणं त्यामानाने सोपं. कार्डाची पुस्तिका वेगळं सांगत नसेल तर ड्रायव्हर आधी, कार्ड नंतर. एसी खोलीतून आणलेलं कार्ड किनाऱ्यावरच्या दमट हवेत लगेच पिशवीबाहेर काढू नका, त्यावर दव धरतं. संगणक बंद करून प्लग काढा, संगणकाच्या डब्याच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर भार उतरवा, कार्ड कडेने धरून स्लॉटमध्ये दोन्ही टोकं सारखी बसेपर्यंत दाबा आणि पट्टीचा स्क्रू आवळा.

आता चाचणी. इनपुट ग्राउंडशी शॉर्ट केलं की आकडा शून्याच्या एक-दोन पायऱ्यांत हवा. मग दीड व्होल्टचा सेल लावून मल्टिमीटरशी ताडा. डिफरन्शियल जोडणीत, म्हणजे दोन इनपुट टोकांमधला फरक मोजताना, सेलचं ऋण टोक १० किलोओमच्या रेझिस्टरने कार्डाच्या ग्राउंडला न्यायला विसरलात, तर आकडा हळूहळू सरकत पल्ल्याच्या टोकाला जाऊन बसतो. इनपुटच्या सूक्ष्म प्रवाहाला परतीची वाटच नसते. शेवटी कार्डाच्याच आउटपुटची तार इनपुटला जोडून १, ५, ९ व्होल्ट पाठवा आणि तेच परत येतात का पाहा.

कोकणात दोन गोष्टी जास्तीच्या. खाऱ्या हवेने टर्मिनलचे पितळी स्क्रू हिरवे पडतात आणि क्षाराच्या ओलसर थरातून प्रवाह गळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. दुसरं अर्थिंग. जांभ्याची जमीन वाळली की तिचा रोध चढतो, त्यामुळे जुलैत पास झालेलं अर्थिंग मे महिन्यात नापास होऊ शकतं. न्यूट्रल आणि अर्थ यांमधलं एसी व्होल्टेज दोन्ही ऋतूंत मोजा. दोन-तीन व्होल्टांच्या वर गेलं तर कार्डाला दोष देण्याआधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता आणि पुन्हा मोजा.